बाज उचलायला चार जणं लागतात

पत्र आलंय ते थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही.

"मावशी, सलाम. मी नाशिकरोडला राहते, वय ४१. मिस्टर सातपूरला एका कंपनीत १४ वर्ष होते, जूनमध्ये त्यांचं डिपार्टमेंटच बंद झालं, तेव्हापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, बोलत नाहीत. सासूबाईंना ऑगस्टपासून डायलिसिस लागलंय, आठवड्यातून दोनदा. माझं माहेर निफाडकडचं, भावाची द्राक्षबाग गारपिटीत गेली त्यामुळे तिकडे हात पसरायची सोय नाही. मी ब्लाउज शिवते त्यावर घर चाललंय, मुलीची फी थकलीय. एका प्रार्थना सभेत एकांनी सांगितलं तुमच्या घरात लपलेलं पाप आहे म्हणून हे होतंय. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले बी पेरा, देव शंभरपट देईल, मी कानातले मोडून ११ हजार दिले. काही झालं नाही. आता गुडघ्यावर बसते पण तोंडातून शब्दच येत नाहीत. कधी कधी वाटतं रात्री झोपले की सकाळी उठूच नये. देवानं आम्हाला सोडलंय का? आशा कुठून आणू? आणि नाताळ आलाय, मुलगी विचारतेय स्टार लावायचा का, तिला काय सांगू?"

अगं बाळा, सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या "उठूच नये" वर येऊन अडकले, म्हणून आधी तेच बोलते, देवाधर्माचं मग. मी बत्तीस वर्ष नर्सिंग केलंय, हे वाक्य बायका किती सहज बोलून जातात आणि घरचे किती सहज सोडून देतात ते मला माहितीये. तू ते सहज लिहिलं असशील किंवा नसशील, मी तो चान्स घेणार नाही. १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह कर. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फोन फुकट, रात्री दोनला केला तरी कुणीतरी उचलतं, मराठीत बोलता येतं. तो विचार पुन्हा आला, किंवा कसं करायचं इथपर्यंत गेला, तर सकाळची वाट बघू नको, नवऱ्याला हलवून उठव आणि सांग, मग फोन लाव. ते गॅलरीत गप्प बसतात ना, त्यांना पण हाच नंबर दे. चौदा वर्ष रोज सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस अचानक घरी बसला की आतून काय होतं ते बायकोला दिसतं पण त्याला सांगता येत नाही. यात अविश्वास वगैरे काही नाही गं, तापाला गोळी घेतो तसंच आहे हे.

आणि एक सांगू, हे वाक्य बोलणारी तू पहिली नाहीस. एलीया संदेष्टा हेच बोलला होता. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसावा अध्याय काढून बघ, एवढा मोठा देवाचा माणूस, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवून घेणारा, आणि दुसऱ्याच पानावर जीव घेऊन पळतोय, रानात एका रतामाच्या झाडाखाली जाऊन बसतो आणि म्हणतो पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. मग देव काय करतो ते नीट बघ. रागवत नाही, वचन ऐकवत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. एलीया झोपतो, देवदूत येऊन त्याला हलवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो! परत देवदूत येतो, परत म्हणतो खा, पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही. दोन वेळा जेवण, दोन वेळा झोप, आणि देवाशी जे काही बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. मी नाईट ड्युटीवर असताना हा अध्याय किती वेळा वाचलाय, प्रत्येक वेळी वाटतं हे कुणीतरी पेशंट सांभाळलेल्या माणसानं लिहिलंय.

तू रात्री किती वाजता झोपतेस? ब्लाउजच्या ऑर्डरी आहेत म्हणजे बारा एक वाजत असतील, आणि डायलिसिसच्या दिवशी पहाटे उठत असशील. जेवतेस का, की सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानंच काहीतरी तोंडात टाकतेस? मला माहितीये काय उत्तर आहे ते.

आता ते लपलेलं पाप. राग येतो मला, खरंच. ज्यांनी सांगितलं त्यांनी योहानाचा नववा अध्याय वाचलेला नाही किंवा वाचून सोयीनं विसरलेत. जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्यांनी येशूला हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं सांगितलं याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूकमध्ये अजून एक आहे, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, तेव्हाही येशू म्हणाला ती यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोकं दुसऱ्याच्या घरात पाप शोधत फिरतात. बरं पाप कुणाच्या घरात नाही, तुझ्यात आहे, माझ्यात आहे, सांगणाऱ्यात तर आहेच आहे. मग सगळ्यांच्या सासवांच्या किडन्या का नाही गेल्या? सासूबाईंना शुगर किंवा बीपी किती वर्षांपासून आहे ते आठव, बहुतेक वेळा किडनी तिथूनच जाते, त्यासाठी घरात भूत शोधायची गरज नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात ना? ते आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं एक काम त्यांनी छान केलं. नंतर तोंड उघडलं आणि सगळी माती केली, तुझंच काहीतरी चुकलं असेल, तुझंच काहीतरी चुकलं असेल. शेवटी देव त्यांच्यावर चिडला, ईयोबावर नाही.

११ हजाराचं वाचून तर मी चहा तसाच ठेवून उठले. तू भोळी आहेस असं मी म्हणणार नाही, बुडणारा माणूस काडीला धरतो, आणि समोरचा काडी विकायला बसलेला असतो. येशूनं मंदिरात विधवेच्या दोन दमड्यांचं कौतुक केलं ते सगळे सांगतात, पण त्याच्या अगदी वरच्याच ओळींत विधवांची घरं खाऊन वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांबद्दल तो काय बोललाय ते कुणी सभेत वाचत नाही. त्या माणसाकडे जाऊन शांतपणे सांग की घरात आजारपण आहे, पैसे परत हवेत. एकटी जाऊ नको, पाळक साहेबांना नाहीतर कमिटीतल्या कुणाला सोबत घे. मिळतील न मिळतील. पण पुन्हा एक रुपया द्यायचा नाही, आणि दिला नाही म्हणून आशीर्वाद अडेल ही भीती मनातून काढून टाक, देव काही फायनान्स कंपनी चालवत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. आशा कुठून आणू, शब्द येत नाहीत.

माझं सांगते. आमचे हे गेले तेव्हा मुलगा नववीत होता, मुलगी पाचवीत. साधी संध्याकाळ होती, दूध आणायला बाहेर पडले ते आलेच नाहीत, रस्त्यावरच अटॅक. पुढचे आठ महिने मी प्रार्थना केली नाही. चर्चला जायचे, कारण नाही गेलं तर लोकं घरी येतात, गीताच्या वेळी तोंड हलवायचे, पण आत काही नव्हतं, नळाला पाणी गेल्यावर नुसती हवा येते तसं. एक जण सांत्वनाला येऊन म्हणाले देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मला त्यांना विचारावंसं वाटलं, मग तुम्ही सत्तरीपर्यंत कसे काय राहिलात?

आमच्या मागच्या लायनीत एक आजी राहायच्या, आमच्याच मंडळीतल्या, शाळा चौथीपर्यंत. त्या दर गुरुवारी दुपारी यायच्या, माझी नाईट संपून मी घरी असायचे तेव्हा. हातात स्टीलचा डबा, कधी भरली वांगी, कधी नुसती मुगाची उसळ. आल्या की पिशवीतून स्वतःच मेथीची जुडी काढायच्या आणि जमिनीवर फतकल मारून निवडत बसायच्या, माझ्याच घरात, माझ्याच परातीत. बोलायच्या नाहीत काही. मी पलंगावर पडून त्यांच्या हाताकडे बघत राहायचे, काडी मोडल्याचा तेवढा बारीक आवाज. तासाभरानं उठायच्या, गुडघा चोळायच्या, आणि जाताना म्हणायच्या, "तुझ्या वाटची प्रार्थना मी करून टाकलीय, तू झोप." रोजच्या कामातलं एखादं काम करून टाकावं ना, कपडे वाळत घालून टाकले, पाणी भरून टाकलं, तसंच. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात आपल्याकडे, आणि माझ्याकडे तर द्यायला काही नसायचं, मग मी चिमूटभर साखर टाकून द्यायचे. त्या उघडून बघायच्या, साखर तोंडात टाकायच्या आणि निघायच्या.

आठ महिन्यांनी काही चमत्कार झाला का, तर नाही. एका गुरुवारी त्या आल्या नाहीत, ताप होता, आणि मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि दारात उभी असताना मला कळलं की मी येताना सगळ्या रस्त्यात त्यांच्यासाठी प्रार्थना करत आलेय. कधी सुरू झाली ते कळलंच नाही.

म्हणून मार्काचा दुसरा अध्याय मला फार जवळचा वाटतो. कफर्णहूमातलं घर, दारात मुंगीला जागा नाही एवढी गर्दी, आणि चार जणं एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, आत जाता येत नाही म्हणून धाब्यावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. घरमालकाचं काय झालं असेल ते मला नेहमी वाटतं, पण ते जाऊ दे. तिथे लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाशी बोलायला सुरुवात केली. त्यांचा! बाजेवर पडलेल्याचा विश्वास किती होता ते मार्क सांगतच नाही. कदाचित तो म्हणत असेल मला न्या, कदाचित म्हणत असेल सोडा रे मला, कशाला त्रास देताय. आपल्याला माहिती नाही. त्याला उचलून आणलं होतं एवढं माहिती आहे.

तू सध्या बाजेवर आहेस. आणि पत्र वाचून असं दिसतंय की बाजेवर पडल्या पडल्या सासूबाईंना, मिस्टरांना आणि मुलीला पण तूच उचलायला बघतेयस. ते होत नाही गं. तुला आशा आणायची नाहीये कुठून, तुला सध्या चार माणसं गोळा करायची आहेत. आशा त्यांच्याजवळ ठेवायला दे थोडे दिवस, ती सांभाळतील.

आपल्या नाशिकलाच बघ ना. शरणपूर रोडवरून आपण शंभरदा जातो, सिग्नलला थांबतो, शिव्या घालतो ट्रॅफिकला, पण ते नाव कुठून आलं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. एकोणिसाव्या शतकात, १८५० च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे वस्ती वसवली, ज्यांना घरादारातून बाहेर काढलं त्यांना शरण मिळावी म्हणून शरणपूर. नंतर तिथे आफ्रिकन पोरं आली, गुलामांच्या गलबतांमधून इंग्रजांच्या जहाजांनी सोडवलेली, आईबाप कुठे ते माहिती नाही, भाषा येत नाही. ती इथे गोदावरीच्या काठी शिकली, सुतारकी लोहारकी शिकली, त्यांना तिकडे नासिक बॉईज म्हणायचे. त्यातलाच एक जेकब वेनराईट. डॉक्टर लिव्हिंगस्टन, आफ्रिकाभर फिरलेले स्कॉटिश मिशनरी, १८७३ ला आफ्रिकेच्या आत खोल एका खेड्यात वारले तेव्हा त्यांचं प्रेत उचलून दीड हजार किलोमीटरच्या वर चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्या माणसांमध्ये हा होता, कित्येक महिने लागले, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हाही हा तिथे होता. आपल्या शरणपूरला शिकलेलं, कधीकाळी गुलाम म्हणून विकलेलं पोर. त्याला आधी कुणीतरी उचलून आणलं होतं, मग त्यानं दुसऱ्याला उचललं. ही गोष्ट मी संडे स्कूलच्या पोरांना सांगते तेव्हा ती विचारतात वास नाही का आला, मग सांगावं लागतं मीठ लावून उन्हात वाळवलं होतं, मग पोरं खूश.

तर तुझी चार माणसं कोण? मला नावं माहिती नाहीत पण जागा सांगू शकते.

एक तर तुझी मंडळी. लाज सोडून पाळक साहेबांना सगळं सांग, आकड्यासकट. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचं जेवण नीट पोचत नव्हतं म्हणून सात माणसं निवडली, म्हणजे घराघरात जेवण पोचवणं हे चर्चचं काम पहिल्या दिवसांपासून आहे, उपकार नाही. डायलिसिसच्या दिवशी सासूबाईंबरोबर बसायला कुणीतरी, महिन्यातून चार वेळा जरी दुसरं कुणी गेलं तरी तुला तेवढा दिवस मशीनवर बसता येईल. हे मागायचं. "प्रार्थना करा" एवढंच मागून घरी येऊ नको, नाहीतर लोकं तेवढंच करतात आणि त्यांना वाटतं झालं.

दुसरं हॉस्पिटल. डायलिसिसला खिशातून पैसे भरताय का ते तू लिहिलं नाहीस, पण भरत असाल तर थांब आधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आता आयुष्मानबरोबर जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये जा, आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्र म्हणून टेबल असतं तिथे बस आणि काम झाल्याशिवाय उठू नको. सिव्हिलला पण विचार. आणि हे सल्ल्याच्या बाहेरचं पण राहवत नाही म्हणून, भेटायला येणारे नारळपाणी आणतात ना प्रेमानं, ते सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नको, केळी पण नाही, डायलिसिसच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम हार्टवर येतं. शहाळी शेजाऱ्यांच्या पोरांना वाटून टाक.

तिसरं मिस्टरांचं. चौदा वर्ष झाली म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराचा, म्हणजे बेसिक आणि महागाई भत्त्याचा, हिशोब असतो. मिळाली का? पीएफचं काय झालं? कंपनी टोलवत असेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करायचा, आणि तो अर्ज मिस्टरांनी स्वतः जाऊन करायचा, तू नाही. त्यांना गॅलरीतून उठायला काहीतरी कारण पाहिजे. सासूबाईंना सेंटरला नेणं आणणं पण त्यांच्याकडे दे, मी बघितलंय, डायलिसिसच्या वेटिंगमध्ये चार तास बसणारे पुरुष एकमेकांशी जे बोलतात ते घरी कधी बोलत नाहीत.

चौथं तुझा भाऊ. तिकडे हात पसरायची सोय नाही असं तू लिहिलंस. पैशाची नसेल, पण फोन करायला काय झालं? त्याची बाग गेली आणि तुझं हे असं, दोघं आपापल्या घरात गप्प, एकमेकांना त्रास नको म्हणून. त्याला सांगायला कुणी आहे का?

बागेवरून आठवलं. कुणी ना कुणी तुला सांगितलंच असेल की देव तुमची छाटणी करतोय, योहानाचा पंधरावा, मी खरा द्राक्षवेल. चांगलं वचन आहे, पण वापरणाऱ्यांनी आधी निफाडला जाऊन बघावं. तू बागायतदाराची मुलगी, तुला माहितीये, एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, छाटणारा माणूस कात्री घेऊन येतो, डोळा बघतो, काडी हातात धरतो, मोजून कापतो. गारपीट अशी नसते. गारा अर्ध्या तासात घड, पानं, काड्या सगळं झोडपून जातात. येशू छाटणीबद्दल बोलला, गारपिटीला त्यानं छाटणी म्हटलेलं नाही. जे झालं ते देवानं कात्रीनं केलं असं मला म्हणवत नाही, आणि तू पण म्हणायची सक्ती करून घेऊ नको.

गारपिटीनंतर काय करतात, तर तलाठी येतो आणि पंचनामा होतो. हबक्कूक संदेष्ट्यानं तेच केलंय, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक नुकसान नाव घेऊन लिहिलंय, काही झाकलं नाही, काही गोड केलं नाही. एवढं सगळं झाल्यावर मग एक छोटा शब्द येतो, तरी. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपण सगळे वचन पाठ करताना त्या "तरी" पासून सुरू करतो आणि आधीची यादी गाळतो, मग ते खोटं वाटतं, वाटणारच.

तुला शब्द येत नाहीत म्हणालीस, तर माझं ऐक, या आठवड्यात प्रार्थना करू नको, पंचनामा कर. मुलीच्या जुन्या वहीतलं कोरं पान घे आणि रात्री मशीन बंद केल्यावर लिही. नोकरी गेली. कानातले गेले. भावाची बाग गेली. फी राहिली. हे बोलत नाहीत. जे असेल ते, शिव्या द्याव्याशा वाटल्या तर देवाला त्या पण लिही, स्तोत्रसंहितेत काय काय लिहिलंय ते बघितलंस तर तुला तुझं सौम्य वाटेल. दीडशे स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश तक्रारीच आहेत, तेरावं काढ, सुरुवातच कुठवर विसरणार मला अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर सुरू आक्रोशानं होतं आणि संपतं अंधारातच, शेवटी गोड ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. आणि देवानं सोडलं का हा तुझा प्रश्न येशूनं वधस्तंभावर मोठ्यानं विचारलाय, बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत. तू त्याच्याच तोंडचं वाक्य मला लिहून पाठवलंस आणि वर विचारतेस आशा कुठून आणू.

"तरी" लिहायची घाई करू नको. आला तर आला. त्या पानावर खाली जागा रिकामी राहू दे, झाकून ठेव बायबलमध्ये.

इथल्याच लक्ष्मीबाई टिळकांचं पण सांगायचं होतं, जलालपूर त्यांचं गाव, आपल्या नाशिकजवळचंच. नवऱ्यानं १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही बाई कोसळली होती, काही वर्ष वेगळी राहिली, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या बुद्धीला पटल्यावर. मधली पाच वर्ष ती विश्वासू होती का अविश्वासू, कोण ठरवणार? आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत विश्वासाचं एवढं मोठं नाव आणि ते पण असं रखडत, भांडत, रडत आलेलं. त्या मानानं तुझा तर जूनपासूनचा हिशोब आहे.

तुझी परिस्थिती कधी सुधारेल ते मला सांगता येणार नाही, जो सांगतो त्याला ११ हजार लागतात. सासूबाईंचं डायलिसिस हे बहुधा कायमचं आहे आणि मिस्टरांना या वयात तेवढ्याच पगाराची नोकरी मिळणं अवघड आहे, हे तुला पण कळतंय. यिर्मयाचं एकोणतीस अकरा हे वचन सगळ्यांच्या भिंतीवर असतं, हिताचे संकल्प, पण ते पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना होतं आणि त्याच पत्रात सत्तर वर्ष लागतील असं पण लिहिलंय, आणि तोवर घरं बांधा, बागा लावा, फळं खा, पोरांची लग्नं करा. मला ते भिंतीवरच्या ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. फळं खा. परक्या गावात, वाईट काळात, बसून फळं खा.

राहिला स्टार. लाव की! माळ्यावर गेल्या वर्षीचा असेल, कागद फाटला असेल तर तुझ्याकडे ब्लाउजच्या अस्तराच्या चिंध्या आहेत, लाल पिवळ्या, त्या चिकटवायला मुलीला बसव, आतून लाईट लागला की कापडाचा कागदापेक्षा छान दिसतो. बल्ब साधा लावू नको, कापड तापतं, झीरोचा एलईडी लाव, बिल पण येत नाही. वायर खिडकीतून गॅलरीत न्यावी लागेल. तिथे खुर्चीत जे बसलेत त्यांना सांग जरा उठा, हे टांगायचंय, माझा हात पुरत नाही.